चादर, बांधलेलं घर की रोख पैसे? यादवीनंतर परतणाऱ्यांना मदत करायची तर

सोलापुरात आमच्या पूर्व भागातल्या काही यंत्रमागधारकांनी सीरियात परतणाऱ्या कुटुंबांसाठी निधी जमवायला घेतलाय. 8 डिसेंबर 2024 ला तिथले अध्यक्ष असद यांची राजवट कोसळली. सप्टेंबर 2025 पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या हिशेबाने परदेशातून परतलेल्यांचा आकडा 10 लाखांवर गेला होता. पहिल्याच बैठकीत सूचना आली, "आपण चादरी पाठवू." सोलापुरात ही सूचना यायचीच. तरी निर्णयाआधी तीन वाटा शेजारी ठेवून बघू. माझा कल तिसरीकडे आहे, हे आधीच सांगतो.

वस्तू

हलब, म्हणजे अलेप्पो, हेही कापडाचं शहर. युद्धापूर्वी ते सीरियातलं सगळ्यात मोठं औद्योगिक शहर होतं. तिथल्या शेख नज्जार औद्योगिक वसाहतीची युद्धात धूळधाण झाली. शंभरेक किलोमीटरवर तुर्कस्तानातलं गाझियांतेप आहे, तेही गालिचे आणि कापड विणणारं. आपली चादर सोलापूरहून मुंबईला, तिथून जहाजाने तिथवर नेण्याचा खर्च धरला, तर त्या पैशांत जवळच्या बाजारात कितीतरी जास्त पांघरुणं येतील. शिवाय दारात फुकटचं कापड येऊन पडलं की मागवाल्याचं काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. परतलेला विणकर पुन्हा माग उभा करू बघत असेल, तर त्याच्या पोटावर पाय द्यायचा का?

वस्तू कधीच देऊ नयेत, असं मात्र नाही. श्रीलंकेतलं युद्ध मे 2009 मध्ये संपलं आणि उत्तरेकडच्या वन्नी भागातली माणसं छावण्यांतून गावी परतू लागली, तेव्हा तिथे दुकानंच उरली नव्हती. पावसाळा आला होता, डोक्यावर ताडपत्री होती. अशा वेळी हातात नोटा असून उपयोग काय? भारताने तेव्हा छपराचे पत्रे, सिमेंट, शेती सुरू करण्यासाठी 95 हजार अवजार-संच आणि 500 ट्रॅक्टर दिले. ते कामी आले, कारण जे बाजारात मिळत नव्हतं तेच पोचलं. कसोटी एवढीच: ती वस्तू तिथे विकत मिळते का? मिळत असेल तर इथून पाठवू नका.

बांधून दिलेलं घर

देणगीदाराला ही वाट आवडते. फोटो निघतो, चावी देता येते, पाटी लागते. पण आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. कारण यादवीचं नसून भूकंपाचं होतं, पण उठलेलं गाव पुन्हा बसवण्याचा प्रश्न तोच. घरं पक्की झाली, हे खरं. पण सरळ रेषेतली आखणी, रुंद रस्ते, भावकी पांगलेली, आणि जनावरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा हे आखणाऱ्याने विचारलंच नाही. औसा, उमरगा, लोहारा या बाजूंना ज्यांचे सोयरे आहेत त्यांनी हे गाऱ्हाणं ऐकलेलं असेल.

यादवीनंतर आणखी एक पेच असतो: जमीन कोणाची? कागद जळालेले, घरात दुसरंच कोणी राहतंय. अशा जागेवर बाहेरच्याने भिंती उभ्या केल्या तर नवं भांडण पेटतं.

कुटुंबाच्या हाती पैसे

भारताने श्रीलंकेत 50 हजार घरांची योजना घेतली. पहिली 1 हजार घरं कंत्राटदाराने बांधली. पुढे, 2 ऑक्टोबर 2012 पासून, उत्तर आणि पूर्व भागात पद्धत बदलली. नव्या घरासाठी साडेपाच लाख श्रीलंकन रुपये, हप्त्याहप्त्याने, थेट कुटुंबाच्या बँक खात्यात. पाया झाला की एक हप्ता, भिंती उभ्या राहिल्या की पुढचा. सोबत तांत्रिक सल्ला. घराचा तोंडवळा, गवंडी कोण, स्वयंपाकघर कुठल्या बाजूला, हे घरच्यांनी ठरवायचं.

या पद्धतीलाही दुखरी बाजू आहे आणि ती लपवून उपयोग नाही. एकाच वेळी हजारो घरं निघाली की गवंडी मिळत नाही, वाळू-सिमेंट महागतं. हप्ता पुरला नाही म्हणून कुटुंबांनी दागिने गहाण टाकले, कर्ज काढलं. नवरा युद्धात गेलेल्या बाईला मजुरी करायची की बांधकामावर लक्ष ठेवायचं, हा रोजचाच प्रश्न. म्हणून नुसते पैसे पुरत नाहीत, सोबत माणूस लागतो. किल्लारीनंतर जिथे घरं जागच्या जागी दुरुस्त करायची होती, तिथे 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावातल्याच बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. हप्ता कधी येणार, दुरुस्ती कशी करायची, हे त्या घरोघरी सांगायच्या. भूकंपाच्या त्या कामातलं मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

या तिन्हींच्या आधी येतात ते सुरुंग. न फुटलेले गोळे ज्या रानात आहेत तिथे बियाणं आणि पैसे दोन्ही वाया. श्रीलंकेत भारताने आधी सुरुंग काढणारी सात पथकं नेमली, ती याचसाठी. सीरियातही परतलेली माणसं, विशेषतः मुलं, यात मरताहेत. ज्या संस्थेला निधी द्याल तिला पहिला प्रश्न हाच विचारा.

माझा प्रस्ताव असा. शंभरातले साठ रुपये हप्त्याने रोख मदत देणाऱ्या आणि स्थानिक माणसं नेमणाऱ्या संस्थेला. पंचवीस सुरुंग काढण्याला. उरलेले पंधरा थंडीच्या सामानाला, तेही तिथेच विकत घेऊन. ट्रस्टच्या नावाने पैसा परदेशात खर्च होणार असेल तर करसवलतीसाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची वेगळी परवानगी लागते. सीएला बैठकीआधीच विचारून ठेवा.

आणि चादरीचा आग्रह धरणाऱ्यांना एक आठवण. आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं पथक 1938 मध्ये चीनला गेलं, ते तिथले कम्युनिस्ट सेनानी जनरल चू तेह यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले म्हणून. त्यांनी डॉक्टर मागितले, आपण डॉक्टर पाठवले. हलबच्या विणकराला काय हवंय, हे अजून आपल्यापैकी कोणीच विचारलेलं नाही. पुढच्या बैठकीआधी एक पत्र तेवढं जाऊ द्या.