रामटेक-मनसर-नगरधन : गाडी आणि गाईडसह एक दिवस

नागपुरातून ही तीन ठिकाणं एका दिवसात फिरवणारे बरेच आहेत, त्यातली ही सेवा बरी म्हणावी अशी. गाडी चांगली, चालक वेळेचा पक्का. अडतं ते गाईडपाशी.

गाईडला गोष्ट रंगवता येते. नगरधनच्या किल्ल्यात शिरलं की पेंढारी, भुयार, पुरलेलं धन आणि पहाऱ्यातून निसटलेले नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले एका दमात येतात. आप्पासाहेब निसटले हे खरंच. त्यांच्या फौजेची इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मध्ये झाली. पुढे पदच्युत करून अलाहाबादला नेत असताना मे १८१८ मध्ये ते पळाले. आसरा मिळाला तो पचमढीकडच्या महादेवाच्या डोंगरात, गोंडांकडे. पेंढाऱ्यांचा म्होरक्या चितूही त्यांना तिकडेच येऊन मिळाला आणि १८१९ मध्ये असीरगडाजवळच्या रानात वाघाच्या तोंडी गेला. म्हणजे ही सारी पळापळ सातपुड्यातली. ती नगरधनच्या भुयारात कोंबायची गरज नाही.

त्यापेक्षा वजनदार माल इथेच पडलाय. नगरधन म्हणजे विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिची मुद्रा इथल्या उत्खननात मिळाली. गाईड हे अर्ध्या वाक्यात उरकतो. रामटेकच्या केवल-नरसिंह मंदिरातल्या शिलालेखाचं तर नावही घेत नाही, आपणहून विचारा. वराहाच्या मूर्तीखालून पापी माणूस निघू शकत नाही, हे मात्र तो झकास सांगतो, आणि श्रद्धा म्हणूनच सांगतो.

क्रमही चुकतो. आधी रामटेक घेतात, मग मनसरची हिडिंबा टेकडी ऐन दुपारी येते. तिथे उत्खननातले उघड्या विटांचे थर, सावली जवळपास नाही; लोक अर्ध्यातून उतरतात. मनसर जबलपूर रस्त्यावर रामटेकच्या फाट्यालाच लागतं, म्हणून बुकिंग करतानाच ‘पहिलं मनसर, मग रामटेक, शेवटी नगरधन’ असं ठरवून घ्या.

रामटेकच्या गडावर चपला काढाव्या लागतात आणि फरशी तापते, जाड मोजे ठेवा. प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत नेली तर माकडं ओढतात. टोल, पार्किंग आणि गाईडचं जेवण दरात आहे की वेगळं, हे मेसेजवर लिहून मागा. तोंडी सांगितलेलं संध्याकाळी बदलतं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण चालकाचा.