फ्रीलान्स कमाईवरून आयकराचा मेल: नोंद नाकारायची की कर भरायचा?

नोकरी एकीकडे, शनिवार-रविवारी दुसऱ्याचं काम. पगाराचं आयटीआर-१ भरून आपण मोकळे होतो आणि पुढे कधीतरी मेल येतो: २०२३-२४ मध्ये तुम्हाला व्यावसायिक फी मिळालेली दिसते, विवरणपत्रात ती नाही. काम देणाऱ्या कंपनीनं कलम १९४जे खाली दहा टक्के टीडीएस कापलेला असतो, त्यामुळे ही रक्कम तुमच्या २६एएस आणि एआयएसमध्ये, म्हणजे पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसणाऱ्या टीडीएस आणि कमाईच्या नोंदींमध्ये, आधीच येऊन बसलेली असते. आपण बघितलेली नसते, एवढंच.

मेलमधल्या लिंकवर टिचकी मारू नका. आयकर पोर्टलवर स्वतः लॉगिन करून तोच निरोप तिथे आहे का ते पाहा. त्यावर १४८ए किंवा १४२(१) असं कलम असेल, तर ती औपचारिक नोटीस आहे; पुढचं वाचत न बसता सीए गाठा. खालचं सगळं अशी नोटीस नसून नुसती सूचना आली असेल, त्यासाठी आहे.

त्या वर्षाचं सुधारित विवरणपत्र भरायची मुदत संपली आहे. उरतात दोन वाटा: एआयएसमध्ये नोंदीवर हरकत घेणं, किंवा आयटीआर-यू, म्हणजे राहिलेलं उत्पन्न दाखवून जादा रक्कम भरायचं अद्ययावत विवरणपत्र.

हरकतीला पैसा लागत नाही, म्हणून मोह होतो. पण ती पडताळणीसाठी कंपनीकडे जाऊ शकते, आणि कंपनीनं ‘नोंद बरोबर आहे’ म्हटलं की तुमचा नकार लेखी राहतो. खरोखर दुसऱ्याचा पॅन लागला असेल किंवा एकच रक्कम दोनदा आली असेल, तर हरकत जरूर घ्या. कंपनीनं बिल मार्चमध्ये धरलं, पैसे एप्रिलमध्ये आले आणि तुम्ही ते पुढच्या वर्षी दाखवले, तर तसं उत्तर द्या. पाहुणे प्राध्यापक मानधन बरेचदा ‘इतर उत्पन्ना’त दाखवून मोकळे होतात. तिथे रक्कम लपलेली नाही, फक्त रकाना वेगळा आहे. मात्र काम तुम्ही केलंत आणि पैसे भावाच्या खात्यात घेतलेत, तर ती कमाई तुमचीच. उत्पन्न कमी दाखवलं तर दंड त्यावरच्या कराच्या ५० टक्के, चुकीची माहिती देऊन दडवलं तर २०० टक्के.

आयटीआर-यू महाग आहे, आणि उशिरानं आणखी महाग होतं. २०२३-२४ साठी कर आणि व्याज यांच्यावर ३१ मार्च २०२६ पर्यंत २५ टक्के जादा, मार्च २०२७ पर्यंत ५०, २०२८ पर्यंत ६०, २०२९ पर्यंत ७०.

तरी घाबरण्याआधी आकडे मांडा. समजा फी २,४०,००० आली, टीडीएस २४,००० कापला आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहात. कलम ४४एडीएखाली ठरावीक व्यावसायिकांना खर्चाचा हिशेब न देता निम्मी फी उत्पन्न धरता येते; तशी १,२०,००० धरली तर उपकरासह कर ३७,४४०. टीडीएस वजा जाता १३,४४०, त्यावर व्याज, आणि या दोहोंवर जादा टक्के. प्रत्यक्ष खर्च दाखवायचा म्हटलं आणि पावत्या ४०,००० च्याच निघाल्या, तर भरायचे ३८,४००. पावत्या जपून ठेवणारा फ्रीलान्सर मी तरी फारसा पाहिलेला नाही, त्यामुळे पात्र असाल तर ४४एडीएच बरं.

पात्रता मात्र सगळ्यांना नाही. यादीत वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुरचनाकार, आयटीवाले आहेत. भाषांतरकार किंवा यूट्यूबर असा शब्द त्यात नाही, तिथे सल्ला घेतलेला बरा.

दोन खाचा लक्षात ठेवा. मूळ विवरणपत्रात त्याच टीडीएसचा परतावा घेतला असेल, तर वरचं गणित फिरतं: तो टीडीएस पुन्हा वजा मिळत नाही. अशा मेलमागे बरेचदा हेच निघतं, उत्पन्न दाखवलेलं नाही आणि परतावा मात्र घेतलेला. दुसरी खाच जुन्या करपद्धतीची. व्यवसायाचं उत्पन्न असलेल्याला ती हवी असेल तर १०-आयईए फॉर्म मूळ मुदतीत भरावा लागतो. नोकरदार म्हणून तुम्ही तो भरलेला नसणार, त्यामुळे जुनी पद्धत हातून जाऊ शकते. ८०सी आणि घरभाड्याची वजावट गेली तर पगारावरचाही कर बदलतो, तेव्हा हा हिशेब सीएकडून आधी करून घ्या. एका वर्षासाठी आयटीआर-यू एकदाच भरता येतं.