जँगोमधली रॉ एसक्यूएल: काही महिने रोज वापरल्यावर

आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये खात्यांचं झाड आहे. गटाखाली उपगट, त्याखाली खाती, आणि किती पातळ्या हे ग्राहकाच्या मर्जीवर. एखाद्या गटाखालचं सगळं एका फटक्यात हवं असेल तर पोस्टग्रेस या डेटाबेसची 'विथ रिकर्सिव्ह' क्वेरी (स्वतःच्याच निकालावर पुन्हा पुन्हा चालणारी) हा सरळ मार्ग. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कच्या ओआरएममध्ये (पायथन कोडवरून एसक्यूएल बनवणारा भाग) ती लिहायची सोय नाही, म्हणून मॉडेल (टेबलासाठीचा पायथन क्लास) मॅनेजरचं 'रॉ', म्हणजे हाताने लिहिलेली एसक्यूएल चालवणारी मेथड, वापरायला घेतलं. आता ते प्रॉडक्शनवर मुरलंय आणि माझं मत पक्कं झालंय: वाचायला उत्तम, पण डेटा बदलायचा असेल तर रॉ एसक्यूएलच्या वाटेला जाऊ नका.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे हातात थेट मॉडेलचे ऑब्जेक्ट येतात. मॉडेलवरच्या मेथड जशाच्या तशा चालतात. क्वेरीत काढलेला 'पातळी' हा जादा कॉलमही ऑब्जेक्टवर येऊन बसतो.

प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख ठेवणारा कॉलम) सिलेक्टमध्ये हवीच, नाहीतर एरर. बाकीचे कॉलम गाळले तर मात्र एरर येत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. गाळलेलं फील्ड लूपमध्ये वाचलं की जँगो प्रत्येक ओळीमागे एक नवी क्वेरी मारतो. पाचशे खाती असतील तर पाचशे जादा क्वेरी! आकडे बरोबरच दिसतात, पान तेवढं रेंगाळतं. डीबग टूलबार (पानामागच्या क्वेरी दाखवणारं साधन) लावून क्वेरी मोजा, लगेच कळेल.

बाहेरून आलेली व्हॅल्यू पॅरामीटरमधूनच द्या, एफ-स्ट्रिंगने (क्वेरीच्या मजकुरात व्हॅल्यू थेट चिकटवून) कधीच नाही. इंजेक्शनचं, म्हणजे बाहेरच्याने क्वेरीत स्वतःचं एसक्यूएल घुसवण्याचं, दार तिथेच उघडतं. प्लेसहोल्डरभोवती (क्वेरीत पॅरामीटरची जागा दाखवणारी खूण) अवतरणचिन्हं नकोत. पॅरामीटर देताना 'लाइक'मधलं टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहावं लागतं. जँगो ४.२ पासून सायकोपीजी ३ (पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी) चालतं. त्यावर जाणार असाल तर 'इन'ला टपल देणाऱ्या जुन्या क्वेरी आधी शोधा. तिथे त्या मोडतात, 'इक्वल्स एनी' लिहून लिस्ट द्यावी लागते.

नुसत्या बेरजा हव्या असतील तर कर्सर (मॉडेल बाजूला ठेवून थेट डेटाबेसवर एसक्यूएल चालवणं) बरा. पण कर्सरवरून अपडेट मारलं की 'सेव्ह'ला वळसा पडतो: सिग्नल (सेव्ह झाल्यावर इतर कोडला जाणारी सूचना) सुटत नाहीत, 'ऑटो नाऊ'ची (सेव्ह करताना आपोआप बदलणारी) तारीख जुनीच राहते. हिशेबात कोणी कधी काय बदललं याची नोंद सिग्नलवर टांगलेली असेल तर ती नोंदच होत नाही, आणि ऑडिटरसमोर याला उत्तर नसतं.

रॉच्या निकालावर फिल्टर लावता येत नाही, आणि स्लाइस केलं (निकालातला तुकडा घेतला) तरी डेटाबेसकडे क्वेरी पूर्णच जाते. लिमिट एसक्यूएलमध्येच लिहा. विंडो फंक्शनसाठी (आसपासच्या ओळींवरून प्रत्येक ओळीचा हिशेब काढणारी) मात्र एवढा खटाटोप नको, ती जँगो २.० पासून ओआरएममध्येच आहेत.