कॉन्ट्रीची शीट: आठ महिने वापरल्यावर

हॉटेलच्या बिलाची कॉन्ट्री, म्हणजे कुणी किती भरायचे ते, गूगल शीट्सवर काढायला लागून आठ महिने झाले. पाच जण, त्यातले दोघे न पिणारे. सरसकट भागाकारात काय होतं बघा: जेवण 3,000, त्यावर 5 टक्के जीएसटी, दारू 2,600, त्यावर 10 टक्के व्हॅट. एकूण 6,010, म्हणजे डोई 1,202. जेवण सगळ्यांनी सारखंच खाल्लं असेल तर न पिणाऱ्याचे खरे होतात 630.

रकाने असे: ए पदार्थ, बी रक्कम, सी कराचा दर, डी ते एच नावं, आय एका हिश्श्याची किंमत. खाल्लं तर 1, नुसतं चाखलं तर 0.5, नाहीतर रिकामं. आयमध्ये करासकट रक्कम भागिले त्या ओळीतल्या हिश्श्यांची बेरीज. माणशी आकडा समप्रॉडक्टने काढायचा, हे सूत्र प्रत्येक ओळीतला हिस्सा गुणिले आय करून सगळ्याची बेरीज देतं. आयच्या रेंजला डॉलर चिन्ह लावा, नाहीतर सूत्र उजवीकडे ओढताना रेंजही सरकते. रिकाम्या ओळीत शून्याने भागाकार होतो म्हणून आयचं सूत्र इफएररमध्ये (चूक आली तर तिच्याऐवजी शून्य दाखवणारं सूत्र) घालावं लागतं. खरी गोची इथेच आहे: हिस्से भरायचे राहिलेला पदार्थही मग गुपचूप शून्य होतो. तळाशी ताळ्याची चौकट ठेवा, माणशी आकड्यांची बेरीज वजा छापील बिल. तिथे वजा 294 दिसले की 280 चा, करासकट 294 चा, पापड-मसाला कुणाच्याच नावावर नाही.

सोडा आणि चकण्यात बहुतेक जण चुकतात. त्यांच्यावर कर जेवणाचा, 5 टक्के. हिस्से मात्र पिणाऱ्यांचे. म्हणून कर आणि हिस्से वेगळ्या रकान्यांत. कराचा दर पाठ म्हणून टाकू नका, बिलावरचा बघा. कंपोझिशन योजनेतल्या (छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) हॉटेलला ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही, तिथे 0.

अ‍ॅपवरची सूट वजा रकमेची ओळ म्हणून घालायची. सूट कराआधी असेल तर सीमध्ये 5, नंतर असेल तर 0. फक्त जेवणावरची सूट पिणाऱ्यांच्या क्वार्टरला लावायची नाही, यावर वाद होतोच. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. वाटणीच्या आधीच तो बिलातून काढायला लावा, कारण जीएसटी त्याच्यावरही चढतो.

वसुली जरा जिकिरीची झालीये. 1 ऑक्टोबर 2025 पासून यूपीआयवर मित्राला पैसे मागणारी रिक्वेस्ट पाठवता येत नाही. बिल भरणाऱ्याने रक्कम घातलेला क्यूआर ग्रुपवर टाकायचा. त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी नाही. पैसे सोडून रुपयात आकडा करायचा. कार्डाचा कॅशबॅक त्यालाच मिळतो, तेव्हा तीन-चार रुपयांची तूट त्याने सोसावी.

हिस्से टेबलावरच भरा. घरी गेल्यावर तिसरी रोटी कुणाची हे कुणालाच आठवत नाही. थाळी, बुफे किंवा मिसळ-चहाला मात्र शीट उघडूच नये. तिथे आपलं टीटीएमएम, तू तुझं मी माझं.