ऑटो मोडवर फोटो अंधारे का येतात: मुंबईत वापरलेल्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा अनुभव

एक इंची सेन्सरचा, खिशात मावणारा हा कॅमेरा गेल्या दिवाळीत घेतला. मध्ये एक पावसाळा आणि एक गणपती होऊन गेला, त्यामुळे आता मनापासून लिहिता येईल. कंपनीचं नाव देत नाही, कारण जे सांगायचंय ते या वर्गातल्या बहुतेक कॅमेऱ्यांना लागू आहे. फोटो स्वच्छ येतात, रंग खरे वाटतात. घरातल्या सगळ्यांची तक्रार एकच: ऑटोवर ठेवला की माणसं काळवंडतात. खिडकीशी बसलेल्या आजीचा चेहरा ओळखू येत नाही, आणि मागच्या नारळाच्या झावळ्या मात्र पात न् पात मोजाव्यात इतक्या स्पष्ट.

सर्व्हिस सेंटरने तपासून ‘कॅमेरा ठीक आहे’ एवढंच सांगितलं. कारण कळलं ते फोर्टात, बोरा बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे. त्यांनी काउंटरवर पांढरा रुमाल पसरला, पूर्ण फ्रेम भरेल असा जवळून फोटो काढला. मग शेजारी काळी बॅग ठेवली आणि तिचाही तसाच काढला. स्क्रीनवर रुमाल मळकट राखाडी दिसत होता आणि बॅगही जवळपास तशीच राखाडी. ‘‘बघा, मीटर शाबूत आहे,’’ काका म्हणाले. ‘‘त्याला रुमाल कळत नाही, फक्त उजेड कळतो.’’

मुद्दा हाच आहे. समोरून येणारा उजेड मीटरने, म्हणजे आतल्या उजेडमापकाने, मोजून कॅमेरा एकूण चित्र मध्यम राखाडीच्या आसपास आणतो. फ्रेममध्ये आभाळ, समुद्र किंवा पांढरी भिंत जास्त असली, की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळंच दाबतो. त्यात माणूसही दबतो. चेहरा ओळखण्याची सोय चालू असली की फरक पडतो, पण चेहरा लहान किंवा बाजूला वळलेला असेल तर भरवसा नाही.

मुंबईत हा त्रास जास्त जाणवतो, कारण आपल्या फिरायच्या जागाच तशा आहेत. मरीन ड्राइव्ह, दादर चौपाटी, जुहू, बँडस्टँड, सगळीकडे समुद्र पश्चिमेला. आपण जातो संध्याकाळी, आणि समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं की सूर्य थेट पाठीमागे. त्याच जागी सकाळी गेलं तर ऊन चेहऱ्यावर येतं. 1924 साली पूर्ण झालेल्या गेटवेचं उलट आहे. तो बंदराकडे, पूर्वेला तोंड करून उभा असल्यामुळे शहराच्या बाजूने फोटो काढायचा तर दुपारनंतर जावं. पावसाळ्यात ऊन नसतं म्हणून सुटका होईल असं वाटतं, पण ढगाळ पांढरं आभाळही तितकंच फसवतं.

उपाय सोपा आहे, पण कंपनीने तो लपवून ठेवलाय आणि याचा मला खरोखर राग आहे. फोटो उजळ किंवा गडद करायचं अधिक-उण्याचं जे बटण अशा वेळी लागतं, तेच पूर्ण ऑटोमध्ये बंद असतं. डायल ‘पी’वर, म्हणजे प्रोग्राम मोडवर, फिरवली की ते चालू होतं, बाकी सगळं कॅमेराच ठरवतो. अधिक 1 केलं की दुप्पट उजेड नोंदला जातो. ढगाळ आभाळ मागे असेल तर मी अधिक 0.7 ठेवते, खिडकी किंवा मावळता सूर्य असेल तर अधिक 1.3 पर्यंत जाते. आभाळ पांढरंफटक होतं, होऊ दे, आजी दिसली पाहिजे. माणूस दोन-तीन मीटरच्या आत असेल तर भर उजेडातही फ्लॅश सक्तीने चालू करावा, चेहरा छान उजळतो. एक सांभाळा: माझ्या कॅमेऱ्यात अधिक-उण्याचा आकडा बंद करून चालू केल्यावरही तसाच राहतो. मावळतीसाठी उणे 1 करून विसरलात, तर दुसऱ्या दिवशीचं बारसं सगळं अंधारात जाईल.

घारापुरीला मात्र वेगळाच प्रश्न आला. मुख्य लेण्यात उजेड येतो तो उत्तरेच्या दारातून आणि बाजूच्या उघड्या चौकांतून. दक्षिणेच्या भिंतीतली सुमारे 6 मीटर उंच त्रिमूर्ती अर्धवट सावलीत. तिथे मीटर चुकत नव्हतं, उजेडच कमी होता, आणि लांब उभं राहून झूम केल्यामुळे तो आणखी घटत होता. या लेन्सचं छिद्र रुंद कोनात एफ 2 आहे, पूर्ण झूमला एफ 4.9 (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), म्हणजे आत येणारा उजेड जवळपास सहापट कमी. झूम आवरला, चार पावलं पुढे गेले, आणि ऑटो आयएसओची, म्हणजे कॅमेरा उजेडाला आपोआप किती संवेदनशील व्हावा याची, कमाल मर्यादा 1600 वरून 3200 केली. मग मधल्या मुखाच्या मिटल्या पापण्या आणि जाड खालचा ओठ नीट उतरले. थोडे दाणे आले, पण हललेल्या फोटोपेक्षा दाणे परवडले. एवढ्या अंतरावर फ्लॅशचा काही उपयोग नाही, आणि जिथे मनाई असेल तिथे तो वापरूही नये.

गणपतीत मखराच्या एलईडी माळांनी मूर्ती काळी पडली, तेव्हा स्पॉट मीटरिंग लावून मूर्तीच्या चेहऱ्यावरून उजेड मोजला. काही फोटोंत आडवे काळे पट्टेही आले. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर 1/100 किंवा 1/50 सेकंद उघडं ठेवल्यावर पट्टे गेले.

फोटो अंधारा आहे हे ठरवण्याआधी हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत गडद (डावीकडे) आणि उजळ (उजवीकडे) भाग किती ते दाखवणारा आलेख. मे महिन्याच्या उन्हात स्क्रीनवर सगळंच काळं दिसतं. आलेखाचा डोंगर डाव्या भिंतीला चिकटला असेल तरच फोटो खरंच अंधारा. कॅमेऱ्यात एनडी फिल्टर (आत येणारा उजेड कमी करणारी काच) असेल तर तो चालू राहिला नाही ना, तेही तपासा. आणि ‘पी’वर अधिक 2 करूनही भर दुपारचा मोकळ्यावरचा फोटो काळाच येत असेल, काळी बॅगसुद्धा राखाडी न होता काळीकुट्ट येत असेल, तर सेटिंगशी खेळत बसू नका. छिद्राची पाती किंवा शटर अडकलेलं असू शकतं, वॉरंटी संपायच्या आत दाखवून घ्या.