नाचणा की दूध: कॅल्शियमचा हिशेब

खानापूरकडं 'नाचण्यात दुधाच्या तिप्पट कॅल्शियम' असं सर्रास ऐकू येतं. आकडा खरा, पण फसवा. 100 ग्रॅम कोरड्या पिठात सुमारे 350 मिलिग्रॅम, तेवढ्याच गाईच्या दुधात 120. मात्र दुधात बहुतेक पाणीच. ताटातलं मोजा: 40 ग्रॅम पिठाची भाकरी 140 देते, 200 मिलिलिटरचा पेला 240. शिवाय नाचण्यातलं फायटेट (दाण्यातलं एक नैसर्गिक द्रव्य) कॅल्शियम धरून ठेवतं, अंगी कमी लागतं. रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात मोड आणून, वाळवून दळलं की फायटेट घटतं. लेकराचं दूध तोडून नुसत्या आंबिलीवर ठेवू नका, आंबिलीत ताक घाला. लोह आणि तंतूंत मात्र नाचणाच सरस.