गोयाच्या युद्धचित्रांचा १८६३ चा संच : रेषा शाबूत, उजेड मळका

स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोयाने १८१० ते १८२० दरम्यान स्पेनमधल्या नेपोलियनविरुद्धच्या युद्धावर आणि माद्रिदच्या दुष्काळावर एचिंगच्या प्लेट कोरल्या, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा खोदल्या; त्या रेषांत शाई भरून, वरची शाई पुसून, पत्रा कागदावर दाबला की चित्र छापलं जातं. त्याच्या हयातीत त्या प्रसिद्ध झाल्याच नाहीत. माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीने ८० प्लेटचा पहिला संच १८६३ मध्ये छापला, गोया जाऊन तेव्हा ३५ वर्षं झाली होती.

या संचाचा मोठा दोष शाईत आहे. प्लेट पुसताना छापणाऱ्यांनी तिच्यावर शाईचा पातळ थर राहू दिला, कारण त्या काळी धुरकट, मऊ ठसा लोकांना आवडायचा. गोयाच्या हयातीतले चाचणी-ठसे (प्लेट तपासायला काढलेले छाप) मात्र लख्ख पुसलेल्या प्लेटवरून काढलेले आहेत. त्याने मित्र सेआन बेर्मूदेझला दिलेला अल्बम ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो शेजारी ठेवून पाहिला की नुकसान कळतं.

२६ वी प्लेट घ्या, ‘बघवत नाही’. उजव्या कडेतून नुसती संगिनींची टोकं आत घुसतात, सैनिक दिसतच नाहीत. मागे काळोख दाटलेला, आणि गुडघे टेकलेल्या माणसांवर पडलेला उजेड म्हणजे जवळपास न कोरलेला, कोरा कागद. सगळी भीती त्या पांढऱ्यात आहे. त्यावर राखाडी थर चढला की संगिनींची धारच जाते. अशा प्लेटमधल्या छटा तांब्यावर थेट ब्रशने आम्ल फिरवून काढलेल्या आहेत. त्या इतक्या उथळ असतात की जादा शाईत बुडतात आणि पुढच्या छपायांत लवकर झिजतात.

पहिली प्लेट मात्र १८६३ च्या संचातही अंगावर येते. तिथला अंधार रेषांवर रेषा आडव्यातिडव्या रचून केलेला आहे, त्यामुळे शाईचा थर त्याचं फारसं बिघडवू शकत नाही. हात पसरून गुडघ्यांवर बसलेला माणूस त्या रेषांच्या जाळ्यातून वर येतो. केवळ या एका ठशासाठी संच पाहावा.

विकत घेणाऱ्यांनी प्लेटची दाबखूण, म्हणजे तिच्या कडांनी कागदावर उमटलेली चौकट, शोधावी. खुणेच्या आतली न कोरलेली जागा बाहेरच्या कागदापेक्षा करडी दिसली, तर पुसताना प्लेटवर शाईचा थर राहू दिलेला आहे. ड्रायपॉइंटच्या, म्हणजे आम्लाशिवाय थेट सुईने ओरखडलेल्या, रेषेची मखमली कडाही तपासा: सुईने वर उचललेला तांब्याचा कंगोरा प्रेसखाली सगळ्यात आधी चेपतो, म्हणून विसाव्या शतकातल्या आवृत्त्यांत त्या रेषा बारीक आणि कोरड्या उमटतात. तेवढ्याच पैशात १८६३ चे मोजके ठसे मिळत असतील, तर नंतरचा पूर्ण संच घेऊ नये.